मेडिकलची मुलं अबोरिजिनल वस्तीवर: 'सेफ आहे का?'च्या पुढचं

निळाई

पाटणकरकाकांनी परवा गप्पांच्या पानावर विचारलं होतं. त्यांची पुतणी मेलबर्नला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत आर्नहेम लँडच्या एका कम्युनिटीत (म्हणजे अबोरिजिनल, तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीत) चार आठवड्यांची प्लेसमेंट मिळाली आहे, तर पाठवावं का? उत्तर लिहायला बसले आणि ते एवढं लांबलं की वेगळा धागाच काढते आहे. काका, एका शब्दात सांगायचं तर पाठवा. पुढचं सगळं पुतणीपेक्षा ती ज्यांच्याकडे चालली आहे त्यांच्याबद्दल जास्त आहे.

मी मूळची नागपूरची. परदेशी पदवीच्या डॉक्टरला इथे मेडिकेअरचा (सरकारी आरोग्य विम्याचा) नंबर हवा असेल तर साधारण दहा वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच काम करावं लागतं. आपले कितीतरी मराठी डॉक्टर या नियमानेच ऑस्ट्रेलियाच्या कानाकोपऱ्यात पोचले, मीही त्यातलीच. नियमाची मुदत कधीच संपली, मी मात्र टेरिटरीतच राहिले. आता विद्यार्थ्यांना शिकवणं हाही माझ्या कामाचा भाग आहे.

आधी दवाखाना कसा असतो ते सांगते, कारण शहरातून येणाऱ्या मुलांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. बऱ्याच कम्युनिट्यांमध्ये डॉक्टर कायमचा नसतो. तो छोट्या विमानाने येतो, काही दिवस थांबतो, जातो. बाकी वेळ फोनवर. दवाखाना चालवतात त्या रिमोट एरिया नर्सेस आणि अबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर. हे हेल्थ प्रॅक्टिशनर म्हणजे हरकामे नव्हेत. २०१२ पासून त्यांची डॉक्टर-नर्सेससारखीच राष्ट्रीय पातळीवर नोंदणी होते. सगळ्यांच्या टेबलावर 'कार्पा' नावाचं जाडजूड मॅन्युअल असतं. मध्य ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्यांनीच ते लिहिलं, पहिली आवृत्ती १९९२ ची. ताप आलेलं मूल समोर असताना काय बघायचं, काय द्यायचं, डॉक्टरला कधी फोन करायचा आणि विमान कधी मागवायचं, हे त्यात पायरीपायरीने दिलेलं आहे. तीन वर्षं प्रोफेसरांच्या मागे फिरलेला विद्यार्थी इथे येतो आणि त्याला कळतं की या खोलीत सर्वांत कमी उपयोगाचा माणूस आपणच. बहुतेक मुलं हे दोन दिवसांत पचवतात. काहींना चार आठवडेही पुरत नाहीत.

आजार म्हणाल तर मेलबर्नच्या मुलांना जे पुस्तकात भेटतं ते इथे बाकावर बसलेलं असतं. रुमॅटिक हार्ट डिसीज घ्या. आपल्याकडच्या डॉक्टरांना माइट्रल स्टेनोसिसचं (हृदयाची झडप आखडण्याचं) नवल नाही, पेनिड्युर हे पेनिसिलिनचं इंजेक्शन माहीत नसलेला एमबीबीएस सापडणार नाही. पण श्रीमंत देशातून हा आजार जवळपास गेलेला असताना टेरिटरीतल्या अबोरिजिनल मुलांमध्ये त्याचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक आहे. घसा नाहीतर त्वचेवरच्या फोडांतून स्ट्रेप्टोकोकस जंतू, मग ताप आणि सांधे (हाच रुमॅटिक फीव्हर), मग हृदयाच्या झडपा. उपाय म्हणजे दर २८ दिवसांनी मांडीत किंवा कमरेत पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, पुष्कळदा विशी ओलांडेपर्यंत. दवाखान्यात यादी असते आणि सकाळी हेल्थ प्रॅक्टिशनर गाडी काढून त्या यादीतल्या पोरांना शोधायला निघते. कोण कुठल्या मावशीकडे झोपलंय, कोण फुटबॉलसाठी शेजारच्या कम्युनिटीत गेलंय, हे तिलाच ठाऊक. विद्यार्थ्याने त्या गाडीत बसायचं. माझ्या मते अख्ख्या प्लेसमेंटमधली सर्वांत मोलाची जागा ती, कन्सल्टिंग रूम नव्हे.

आता मुद्दा. चार आठवडे नेमके कोणासाठी? विद्यार्थ्याला काय मिळतं ते वर आलंच. कम्युनिटीला काय मिळतं? दर महिन्याला नवा चेहरा, तेच प्रश्न, तीच गोष्ट परत पहिल्यापासून सांगणं. एका विद्यापीठाने (नाव नको) एकदा शुक्रवारी संध्याकाळी ईमेल केली होती की सोमवारी दोघं येत आहेत. राहायला खोली आहे का, हेही विचारलं नव्हतं. इथे स्टाफची घरं मोजकी असतात. विद्यार्थ्याने खाट अडवली की त्या आठवड्यात येणाऱ्या कानाच्या नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरची पंचाईत होते.

माझं मत स्पष्ट आहे. येणारा विद्यार्थी परत येणार असेल, किंवा मुळात जास्त दिवस राहणार असेल, तरच ही देवाणघेवाण खरी. नाहीतर फक्त घेवाण. बोला.

शेंगदाणा

निळाई, तुम्ही फारच सौम्य लिहिलंय. मी याला सरळ गरिबी-पर्यटन म्हणेन. लाल मातीत उभं राहून फोटो, लिंक्डइनवर 'आयुष्य बदलून टाकणारा अनुभव', आणि मग सिडनीत डर्मॅटॉलॉजी. लोकांची दुखणी कोणाच्या तरी सीव्हीचा कच्चा माल व्हावीत का?

तिसरीघंटा

मी अ‍ॅडलेडला मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागचं बरंच वर्ष टेरिटरीतल्या कॅथरीन गावात काढलं, मधूनमधून आसपासच्या कम्युनिट्यांमध्ये. शेंगदाणा, फोटोचं म्हणाल तर परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढलेला कोणी खपवून घेत नाही, आम्हाला पहिल्याच दिवशी तंबी मिळते. डर्मॅटॉलॉजीचं मात्र खरं आहे, माझ्या बॅचमध्ये आहेत तसे.

मला काय शिकायला मिळालं ते सांगते. एक म्हणजे कान. इथल्या लहान मुलांचे कान इतके लवकर आणि इतके वेळा वाहतात की पडद्याला भोक नसलेला कान दिसला तर मी सुपरवायझरला बोलावून दाखवायचे. टिशू पेपरची बारीक वळी करून कान टिपायचा आणि तेच आईला, आजीला शिकवायचं. हे काम विद्यार्थी खरोखर करू शकतो आणि नर्सचा वेळ वाचतो, तेव्हा 'काहीच देत नाही' हे मला मान्य नाही. ऐकू न येणारं मूल शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून मागे बसवलं जातं.

दुसरं म्हणजे गप्प बसणं. आमच्या ओएससीई या प्रात्यक्षिक परीक्षेत आठ मिनिटांत हिस्ट्री (पेशंटला विचारून आजाराची माहिती) घ्यायची असते, प्रश्नांची सरबत्ती. इथे तसं केलं तर समोरची बाई प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणते. छातीत दुखतं? हो. दुखत नाही ना? हो. ती खोटं बोलत नसते, तुम्ही लवकर थांबावं म्हणून बोलत असते. (माझी कराडची आजी डॉक्टरांपुढे हेच करते.) मला शिकवलं ते एका वयस्कर हेल्थ प्रॅक्टिशनरने. ती म्हणाली, आधी तू कुठली ते सांग, तुझे लोक कोण ते सांग, मग शेजारी बस. समोर नको, शेजारी.

आणि नात्यांचे नियम. जावई आणि सासू एका खोलीत थांबू शकत नाहीत, म्हणून वेटिंग रूममध्ये कोणीतरी अचानक उठून बाहेर जातं. आपल्याला वाटतं कंटाळून गेला. काही दवाखान्यांत बायकांचं आणि पुरुषांचं दार वेगळं असतं. माझ्याबरोबरच्या मुलाला बायकांच्या तपासणीच्या बाजूला जायलाच मिळालं नाही. तो आधी कुरकुरला, नंतर पुरुषांच्या डायबेटिसच्या क्लिनिकमध्ये रमला. कोणी वारलं की त्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत, त्याच नावाच्या जिवंत माणसालाही काही काळ दुसऱ्या नावाने हाक मारतात. त्यामुळे फाइलवरचं नाव मोठ्याने पुकारायच्या आधी हेल्थ प्रॅक्टिशनरकडे बघायचं. हे कुठल्या लेक्चरमध्ये सांगून अंगवळणी पडत नाही.

कारभारी

सगळं छान आहे, पण एक कडू प्रश्न विचारतो, रागावू नका. पर्थला वीस वर्षं टॅक्स भरतोय. सरकार या लोकांवर पाण्यासारखा पैसा ओततं. घरं बांधून देतं, ती मोडून टाकतात. मग खरूज होणार, ताप होणार, आणि आपल्या पोरांनी जाऊन इंजेक्शनं द्यायची. मूळ दुखणं राहणीमानाचं नाही का?

निळाई

कारभारी, राहणीमानाचं आहे, शंभर टक्के. पण 'मोडून टाकतात' हे मोजून बघितलेलं आहे, आणि उत्तर तुम्हाला वाटतं ते नाही.

१९८७ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला आनंगू पिचंचाचारा लोकांच्या भूमीत त्यांच्याच आरोग्य संस्थेने, म्हणजे नंगानम्पा हेल्थ कौन्सिलने, एक पाहणी करवली. त्यातून एक डॉक्टर (पॉल टॉर्झिलो), एक आर्किटेक्ट (पॉल फोलेरोस) आणि पर्यावरण-आरोग्य बघणारे स्टीफन रेनो यांनी निरोगी राहण्यासाठी घरात काय काय चाललं पाहिजे याची नऊ कलमी यादी केली. पहिलं कलम, रोज अंघोळ करता येणं, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांना. मग कपडे धुणं, मैलापाण्याचा निचरा, स्वयंपाक, असं पुढे. मग घरोघर जाऊन नळ फिरवून पाहिले, आणि त्याच दिवशी प्लंबर-इलेक्ट्रिशियनकडून दुरुस्ती करून घेतली. नुसता सर्व्हे करून निघून जायचं नाही, हा त्यांचा नियम. पुढे हजारो घरांत हेच केलं. बिघाडांची कारणं निघाली ती अशी: सुमारे ७० टक्के वेळा देखभालच झालेली नाही, २१ टक्के वेळा मुळात बांधकाम निकृष्ट, आणि राहणाऱ्यांनी मोडलं असं ९ टक्के. शॉवरचा पाइप भिंतीत जोडलेलाच नाही, अशी घरं कंत्राटदाराने पैसे घेऊन ताब्यात दिलेली. एका घरात पंधरा-वीस माणसं आणि चालू नळ एक, मग खरूज कशी जाणार?

म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात एक घरभेट करायला लावते, अर्थात घरच्यांनी बोलावलं तरच. स्ट्रेप्टोकोकसवरचं लेक्चर त्यानंतर.

कारभारी

९ टक्के? हे माहीत नव्हतं. ठीक. पैसा कुठे मुरतो हा प्रश्न मग कंत्राटदारांना विचारायला हवा, तो आपल्याला घरबसल्या पाठ आहेच.

डॉ_विरंगुळा

निळाईताई, धागा आवडला. मी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचा. आमच्याकडे पहिल्या वर्षालाच पंधरा दिवस गावात राहायचं शिबिर असतं. प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून दिली जातात आणि पुढे त्यांच्याकडे जात राहायचं. आता मेडिकल कमिशनने देशभर कुटुंब दत्तक योजना आणली आहे, पण कित्येक कॉलेजांत ती लॉगबुकवर सह्या घेण्यापुरती उरली आहे. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्षाचा सरकारी सेवेचा बाँड, नाहीतर दहा लाख रुपये भरायचे. दुर्गम भागाकडे सजा म्हणून बघायला आपण मुलांना तिथेच शिकवतो.

ऑस्ट्रेलियात मला आवडलेली गोष्ट वेगळी आहे. फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये रिव्हरलँड भागात काही विद्यार्थ्यांना अख्खं एक वर्ष गावातल्या जीपींकडे (फॅमिली डॉक्टरांकडे) ठेवलं. मेडिसिन, सर्जरी, बालरोग असे वेगवेगळे तुकडे नाहीत, जो पेशंट येईल तो. गरोदरपणात भेटलेली बाई, तिचं बाळंतपण, मग बाळाचं लसीकरण, सगळं एकाच विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर. सगळ्यांना भीती होती की ही मुलं परीक्षेत मागे पडणार. उलट मोठ्या हॉस्पिटलात राहिलेल्यांपेक्षा त्यांचे मार्क सुधारले. तेव्हा निळाईताईंच्या 'जास्त दिवस' या मुद्द्याला आधार आहे. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठाने तर २००० साली मेडिकल स्कूल काढलं तेच ग्रामीण, दुर्गम आणि आदिवासी आरोग्य हे ध्येय ठेवून.

रिव्हरलँड म्हणजे द्राक्षाच्या मळ्यांचा भाग, आर्नहेम लँड नव्हे, हेही मान्य. अगदी छोट्या कम्युनिटीत वर्षभर एका विद्यार्थ्याला पुरेल एवढं बाळंतपण-सर्जरी मिळणार नाही.

निळाई

डॉक्टर, बाळंतपण तर अजिबात नाही. इथल्या बायकांना ३८ व्या आठवड्याच्या सुमारास डार्विन, अ‍ॅलिस स्प्रिंग्ज नाहीतर गोव्हच्या हॉस्पिटलला नेतात आणि त्या घरापासून लांब, हॉस्टेलमध्ये वाट बघत बसतात. मोठी मुलं मागे. म्हणून जमतं ते असं की विद्यार्थी वर्षभर कॅथरीन किंवा अ‍ॅलिससारख्या गावात राहतो आणि ठरलेल्या एक-दोन कम्युनिट्यांना परत परत जातो. तिसरीघंटाने तेच केलं. लोक तोंड ओळखतात, आणि पोरं 'परत आलीस?' म्हणून हसतात.

भटकी

मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जला डायलिसिस नर्स आहे. कोणी पर्पल हाऊस या डायलिसिसच्या संस्थेचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते. किडनी गेली की आठवड्यातून तीनदा मशीन, आयुष्यभर. किंटोर या वाळवंटातल्या कम्युनिटीचे लोक त्यासाठी पाचशेहून जास्त किलोमीटर लांब अ‍ॅलिसला येऊन पडायचे आणि आपल्या भूमीपासून दूर मरायचे. त्यांच्यातल्या चित्रकारांनी मोठमोठी चित्रं रंगवली, २००० साली सिडनीत त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे राहिले. २००४ मध्ये किंटोरला डायलिसिसची मशीन लागली. सरकार 'परवडत नाही' म्हणत होतं. आज त्यांची युनिट्स वाळवंटातल्या कितीतरी कम्युनिट्यांत आहेत, एक डायलिसिसचा ट्रकसुद्धा आहे, लोकांना अंत्यविधीला आणि सणसमारंभाला घरी जाता यावं म्हणून.

शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते. 'आपण मदत करायला आलो' या थाटात ती येतात. त्यांना आधी कळू दे की लोकांनी स्वतःचा दवाखाना स्वतः उभा केला आहे. सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ ला पहिली अबोरिजिनल मेडिकल सर्व्हिस निघाली, अ‍ॅलिसची 'काँग्रेस' ही तशीच आरोग्य संस्था १९७३ ची. त्यांच्या बोर्डावर निवडून आलेली स्थानिक माणसं असतात. विद्यार्थी घ्यायचे की नाहीत हेही तेच ठरवतात, आणि कधीकधी नाही म्हणतात. म्हणू देत.

शेंगदाणा

भटकी, हे आवडलं. नकाराचा हक्क असेल तर माझा अर्धा आक्षेप गळतो. उरलेला अर्धा: अबोरिजिनल मुलंच डॉक्टर का होत नाहीत?

तिसरीघंटा

होत आहेत, पण उशिरा सुरुवात झाली. देशातल्या पहिल्या अबोरिजिनल डॉक्टर हेलन मिलरॉय १९८३ ला पास झाल्या. १९८३! माझी आई त्याच्या आधी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून बाहेर पडली होती. पहिले अबोरिजिनल सर्जन केल्विन काँग कान-नाक-घसावाले आहेत, वर लिहिलेल्या कानांमुळे मला ते फार समर्पक वाटतं. २०११ पासून डार्विनमध्येच पूर्ण मेडिकलचा कोर्स करता येतो आणि त्यात टेरिटरीच्या व अबोरिजिनल मुलांना प्राधान्य आहे. माझ्या ओळखीची एकजण आधी हेल्थ वर्कर होती. वॉर्डात पेशंट तिला शोधत येतात, आमच्याकडे बघतही नाहीत.

पाटणकर_काका

सर्वांचे आभार. निळाईताई, बरीच माहिती मिळाली, पण वहिनींचा जीव अजून टांगणीला आहे. रात्री-अपरात्री काय? आणि पोरगी शाकाहारी आहे.

निळाई

काका, मुद्द्याचं विचारलंत.

रात्रीचा कॉल विद्यार्थ्याने एकट्याने घ्यायचा प्रश्नच नाही. २०१६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्रेगॉनला गेल वुडफर्ड या नर्सची हत्या झाली. त्यानंतर त्या राज्यात दुर्गम भागातल्या नर्सने रात्री एकटीने जायचं नाही असा कायदाच झाला. टेरिटरीतही आता कॉलला दुसरा माणूस बरोबर नेण्याची पद्धत आहे. पुतणीने पोचल्यावर 'कॉलला सोबत कोण असतं?' हे थेट विचारावं, विचारणं आगाऊपणाचं नाही. खरं सांगायचं तर मला कुत्र्यांची आणि रस्त्यावरच्या अपघातांची काळजी जास्त वाटते. नदीत, समुद्रात पाय बुडवायचा नाही, मगरी आहेत. दारूची बाटली बॅगेत नको. बहुतेक कम्युनिट्यांमध्ये दारूबंदी आहे आणि तो गुन्हा ठरतो.

कागदपत्रं: मुलांबरोबर काम करायला टेरिटरीत ओकर कार्ड लागतं, ते मिळायला वेळ लागतो, आजच अर्ज करायला सांगा. अबोरिजिनल भूमीत शिरायला लँड कौन्सिलचं परमिट. १९७६ च्या कायद्याने ती जमीन त्यांची आहे, आपण पाहुणे. पोलीस चेक, लसी हे विद्यापीठ सांगेलच. पावसाळ्यात जाणार असेल तर रस्ते बंद असतात, सगळं विमानावर, आणि विमानाला सामानाचं वजन काटेकोर. अनवाणी चिखलात फिरू नये, मेलिऑयडोसिस या गंभीर संसर्गाचे जंतू त्या मातीत असतात.

जेवण: दुकान असतं, किनाऱ्यावरच्या गावांना माल बार्जने (मालवाहू बोटीने) येतो, भाजी महाग आणि बार्ज यायच्या आदल्या दिवशी सुकलेली. तूरडाळ, मसाले, मेतकूट मेलबर्नहूनच न्यावं. तांदूळ मिळतो. कोणी कासव किंवा डुगाँग या समुद्री प्राण्याचं मटण देऊ केलं तर 'मी खात नाही' म्हटलेलं चालतं, नाक मुरडलेलं चालत नाही.

चिंचोका

मी पुण्यात फायनल एमबीबीएसला. आम्हाला भारतातून असं जाता येईल का? खूप इच्छा आहे.

डॉ_विरंगुळा

चिंचोका, इलेक्टिव्हसाठी तिकडच्या विद्यापीठांकडे अर्ज करावा लागतो, पण वर खाटांचं वाचलंस ना? तिथल्या जागा तिथल्या मुलांनाच पुरत नाहीत. त्यांनी नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. तुला हेच शिकायचं असेल तर धडगाव, भामरागड, मेळघाट काय लांब आहेत? सुट्टीत नको जाऊस, इंटर्नशिपचं पोस्टिंग मागून घे आणि नंतर बाँडसाठी तिथेच परत जा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, कोणाशी बोलायचं ते सांगतो.

शेंगदाणा

निळाई, शेवटचं. पुतणी परत नाही गेली तर?

निळाई

बहुतेक नाही जाणार, आकडेमोड मला कळते. पण मेलबर्नच्या इमर्जन्सीत पुढे कधीतरी सांधे सुजलेला, तापलेला अबोरिजिनल पोरगा येईल. तिने त्याच्या शेजारी बसून हिस्ट्री घेतली आणि रुमॅटिक फीव्हर ओळखला, तर माझ्या हिशेबात थोडं जमेला धरेन. तरीही पुढच्या वर्षी आम्ही चार आठवड्यांच्या जागा कमी करून लांब मुदतीच्या वाढवाव्यात, असं मी बोर्डापुढे मांडणार आहे. ते काय म्हणतात बघू. त्यांच्यातल्या एका आजींचं मत उलट आहे. त्या म्हणतात, जास्त पोरं येऊ देत, आम्हाला बघू तरी दे कोण चांगलं आहे ते.